मालवणातली फळ्यावाली खानावळ: भाव वाढला, पण सोलकढी पातळ झाली नाही

मालवणात मासे खायला कुठे जाऊ असं ओळखीतलं कोणी ना कोणी दर सुट्टीत विचारतंच, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. खानावळीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जागा जेमतेम पंचवीस-तीस माणसांची आहे आणि ती चालवणाऱ्या काकींनी स्वतःच सांगितलंय, "नाव घालू नको गो बाय, सुट्टीत गर्दी झाली तर झेपाचा नाय." बाजारपेठेतून बंदराच्या बाजूला जाताना आतल्या गल्लीत आहे, बाहेर बोर्ड नाही, दारात एक काळा फळा टांगलेला असतो, फळ्यावाली खानावळ म्हणून विचारलंत की कोणीही दाखवेल.

आधी थोडक्यात मत. जेवण एक नंबर, घरच्यासारखं नाही तर खरंच घरचंच, कारण पुढे खानावळ आणि मागे त्यांचं घर. भाव गेल्या दोन वर्षांत चांगलेच वाढलेत पण का वाढलेत ते समोर लिहिलेलं असतं. शाकाहारी माणसाला इथे फार काही नाही. आणि दुपारी दीडच्या आत पोचलात तर हवा तो मासा मिळेल, नंतर जे उरलं असेल ते.

आता तो फळा. त्यावर रोज सकाळी खडूने त्या दिवशीचे मासे आणि थाळीचा रेट लिहितात. मी शेवटची गेले तेव्हा बांगडा २२०, सौंदाळे २५०, सुरमई ४५०, आणि पापलेटच्या पुढे आकडा नाही, नुसतं 'साइज बघून'. इथपर्यंत ठीक, असे फळे बऱ्याच ठिकाणी असतात. पण सगळ्यात खाली, रेघ मारून, एक ओळ असते: 'आजचा नारळ ४५ रु.' हे मी दुसरीकडे कुठेच बघितलेलं नाही. पहिल्यांदा वाटलं नारळ विकायला ठेवलेत की काय. तर नाही, काकी ज्या भावाने नारळ घेतात तो भाव आहे तो. थाळी महाग का झाली म्हणून कोणी कुरकुर केली की त्या काही बोलत नाहीत, फळ्याकडे हात करतात.

आणि मला हे फार पटलं. कारण कोकणातल्या स्वयंपाकघरात महागाई म्हणजे आधी नारळच. तिकडे घाटावर कांदा-टोमॅटो महागला की बातम्या होतात, आमच्याकडे नारळ महागला की आमटी, कढी, उसळ, चटणी, माशाचं कालवण सगळंच एकदम महागतं. मी कुडाळच्या आठवडा बाजारातून वीस-पंचवीसला नारळ आणलेत, तोच आता चाळीस-पन्नास झाला आणि दाराशी माड असलेली माणसंसुद्धा हल्ली मोजून फोडतात, कारण माडावर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर प्रत्येक झाडामागे पैसे घेतो, आणि अर्धी शहाळी माकडं आधीच खाली पाडून टाकतात. वरून केरळ, तामिळनाडू, कर्नाटकात पीक घटलं, त्यात शहाळ्यांना मागणी वाढली, म्हणजे पिकायच्या आधीच नारळ झाडावरून उतरतो. २०२५ च्या हंगामाला केंद्राने तेलासाठीच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये ठेवला होता आणि बाजारभाव त्याच्या कितीतरी वर चालला होता, त्यावरून काय ते समजा. ज्यांच्या बागा आहेत त्यांना चार पैसे मिळाले याचा आनंदच आहे, पण रोज खोबऱ्याचं वाटप लावणाऱ्या बाईची ओढाताण झाली हेही तितकंच खरं.

मग यावर खानावळवाले काय करतात? एक तर सरळ रेट वाढवतात. नाहीतर रेट तोच ठेवतात आणि वाटप पातळ करतात. दुसरा प्रकार आता इतका बोकाळलाय ना, की किनाऱ्यालगतच्या एका चकाचक ठिकाणी मला सोलकढी म्हणून जे काही दिलं ते गुलाबी पाणी होतं, वर चार पानं कोथिंबिरीची. थाळी मात्र 'जुन्याच दरात' अशी जाहिरात. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला यात फसवल्यासारखं वाटतं. पन्नास रुपये जास्त घ्या, सांगून घ्या, पण कढी कढीसारखी द्या.

सोलकढी चांगली की वाईट हे ओळखायला काही मोठी अक्कल लागत नाही. वाटी जरा कलती करायची, कढी काठाला पातळ साय धरल्यासारखी चिकटून सावकाश खाली उतरली पाहिजे. पाण्यासारखी सर्रकन उतरली तर ती खोबऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिळाची. रंग भडक असेल तर कोकम जास्त आणि नारळ कमी, किंवा मग रंगच. आणि किंचित गोडूस, दूधपावडरीसारखा वास आला तर ती नारळाच्या पावडरीची. इथे कढी फिकट गुलाबी असते, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून लावलेली, मिठाचं प्रमाण अगदी बरोबर, कारण आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असतंच हे लक्षात ठेवून वरून घालणारा हात आहे. आगळ त्या घरी करतात, मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून. आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान सगळे सांगतात, पण मानांकन मिळालेल्या कोकमात पाणी ओतून द्यायचं असेल तर काय उपयोग.

पहिली वाटी थाळीत येते, दुसरीला तीस रुपये, हेही फळ्यावर लिहिलेलं आहे. पूर्वी कढी हवी तेवढी मिळायची, आता नाही. काही जणांना हे खटकतं. मला नाही खटकत, कारण तिसऱ्या वाटीसाठी पहिली वाटी पातळ केलेली नाही.

माशांबद्दल. इथे सुरमईपेक्षा बांगडा खा, मनापासून सांगते. बाहेरून येणारा माणूस सुरमई नाहीतर पापलेट यापलीकडे बघतच नाही आणि त्यामुळे त्या दोन माशांचे भाव आकाशाला भिडलेत. मी विचारलं त्या दिवशी मोठी सुरमई किलोला हजाराच्या आसपास होती, मग साडेचारशेच्या थाळीत तुकडा केवढा येणार ते तुम्हीच बघा, बोटभर जाडीचा एक, तो छान तळलेला असतो, तांदळाचं पीठ आणि बारीक रवा लावून, पण एकच. त्यापेक्षा बांगड्याच्या थाळीत एक आख्खा तळलेला बांगडा आणि वर बांगड्याचं तिखलं. तिखलं म्हणजे काय ते इथे कळतं. रस फार नसतो, मिरचीचा लाल दाट मसाला माशाला अंगाबरोबर धरलेला, कोकमाचा आंबटपणा, आणि त्यात ठेचून टाकलेली तिरफळं, ही मसाल्याची छोटी फळं. घासात तिरफळाचा वास आधी नाकात जातो आणि मग जीभ किंचित बधिर होते. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढून ठेवायचं. शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाने ते चावलं आणि तोंड वाकडं केलं तर काकींची सून लगेच आली, "बी आसा ती, काडून ठेव, नुसतो वास घेवचो" असं सांगून त्याच्या ताटातली बाकीची तिरफळं स्वतःच वेचून कडेला ठेवली तिने. असं कोण करतं हल्ली हॉटेलात?

मासा ताजा असतो का? हो, कारण संपला की संपला. "आज सुरमय गावाक नाय (मिळाली नाही), बांगडो मस्त आसा, तोच घेवा," असं तोंडावर सांगतात. बर्फातला कालचा मासा आजचा म्हणून खपवत नाहीत. बारीक पापलेट त्या घेतच नाहीत, कोणी स्वस्तात दिलं तरी. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं ते याचसाठी ना, की अंडी घालायच्या आधीच पिल्लं पकडून तो मासा संपत चाललाय. तळलेली तळहाताएवढी पापलेटं ताटात बघून खूश होणाऱ्यांनी याचा जरा विचार करा.

मासे महाग होण्यामागेही कारणं आहेत आणि ती खानावळवाल्यांच्या हातातली नाहीत. पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या बोटींच्या घेर घालणाऱ्या जाळ्यांवर, राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी लावून मासे धरण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पण समुद्रात प्रकाश दिसतोच आणि किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या, छोट्या होड्यांनी जाणाऱ्या आमच्या लोकांना अजूनही त्यासाठी भांडावं लागतं. डिझेल, बर्फ, जाळी सगळंच महाग. त्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. त्या दिवसात मालवणात येऊन "सुरमई का नाही" म्हणून हुज्जत घालणारे पाहिलेत मी, आणि मग त्यांना कुठून तरी बाहेरच्या राज्यातला बर्फातला मासा दुप्पट भावात खायला घालणारेही पाहिलेत. ही खानावळ बंदीच्या काळात फळ्यावर सरळ 'सुके मासे, खाडीचे मासे' असं लिहिते. सुक्या बांगड्याची किसमूर, गोलम्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी, भाकरी, कुळथाची पिठी. पावसात हे जेवण जेवलात तर सुरमईची आठवणसुद्धा येणार नाही आणि खिशालाही परवडतं.

आता जेवायची पद्धत, यावर मला जास्त लिहायचंय.

इथे सगळं एकदम ताटात भरून देत नाहीत. आधी ताट येतं त्यात मीठ, लिंबू, कांदा, एखादी सुकी भाजी, तळलेला मासा, कालवणाची वाटी, दोन भाकऱ्या किंवा चपात्या. भात नंतर विचारून वाढतात, उकड्या तांदळाचा हवा की पांढरा ते विचारून. आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य, "थोडो थोडो घेवा, परत मागा, पण टाकू नकात." भाताला मर्यादा नाही, कालवण एकदा परत वाढतात, मासा अर्थातच एक. हे वाक्य ऐकून काही पाहुणे नाराज होतात असं मला दिसलंय, पैसे दिलेत ना मग टाकू नाहीतर खाऊ, असा चेहरा. पैसे दिले म्हणून ताटात भात टाकून उठायचा हक्क मिळतो हे कुठून आलं? आमच्या घरी आजी पानात शीत राहिलं तर उठू द्यायची नाही, आणि तेव्हा तांदूळ घरचाच असायचा, दुकानातून आणलेला नव्हे.

मे महिन्याच्या सुट्टीत एक मोठी मंडळी आली होती, दहा-बारा जण. बसल्या बसल्या कोंबडी-वडे सगळ्यांना, शिवाय सुरमई, शिवाय कोळंबी, शिवाय वडे अजून दोन प्लेट. अर्ध्या तासाने उठली तेव्हा टेबलावर वड्यांचा ढीग तसाच, काही वडे नुसते मध्ये फोडून ठेवलेले, कोळंबीच्या वाटीत कोणीतरी हात धुतलेला. ताटात हात धुणं एकवेळ समजू, पण अन्न असलेल्या वाटीत? काकींची सून ती ताटं उचलत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मला माझा घास गिळवेना. वड्याचं पीठ काही पाकिटातलं नाही, तांदूळ, उडीद, मेथी, धणे भाजून दळून आणायचं, रात्री भिजवायचं, सकाळी एकेक वडा हातावर थापायचा, मग तळायचा. आणि तेल किती लागतं त्याला. २०२४ मध्ये ऐन गणपतीत, १४ सप्टेंबरला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस, तेव्हा आमच्या दुकानात डबा बघता बघता चढला. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे दिल्लीत कागद हलला की इथे कढईला झळ लागते. पुढे २०२५ च्या मे अखेर कच्च्या तेलाचं शुल्क दहावर आणलं पण वड्याच्या प्लेटचा भाव खाली आलेला मी तरी बघितला नाही. तर असा तो वडा, तो टाकून उठायचं.

शिवाय जाताना त्यातल्या एकाने बिलात शंभर कमी करायला सांगितलं. "एवढे जण आणले तुमच्याकडे" म्हणून. काकींनी कमी केले नाहीत, ते बरं केलं. मोठ्या हॉटेलात, मॉलमध्ये कोणी घासाघीस करत नाही, कोपऱ्यातल्या खानावळीत नऊवारी नेसलेली बाई दिसली की सगळ्यांना भाव करायचा असतो, हे मला अजिबात आवडत नाही आणि ते मी त्या माणसाला तिथेच सांगितलं.

सगळे पाहुणे असे नसतात हेही सांगायला हवं. त्याच दिवशी कोपऱ्यात पुण्याकडचं एक जोडपं होतं, सहा-सात वर्षांची मुलगी बरोबर. आई तिला बांगड्याचा काटा कसा काढायचा ते शिकवत होती, पाठीकडून बोट घालून वरची बाजू अलगद उचलायची, मधला काटा शेपटीकडून धरून सोलायचा, काटे ताटाच्या कडेला एका जागी. मुलीने शेवटी आख्खा काटा सलग काढून दाखवला आणि काकींनी तिला खूश होऊन अर्धी वाटी कढी फुकट दिली. मासा हाताने खायचा असतो, चमचा मागू नका, काटे टेबलावर किंवा खाली टाकू नका, मांजर आहे म्हणून तर मुळीच नाही, आणि शेवटच्या भातावर कढी घेऊन मग उठा. एवढं केलंत तर इथे तुमचे लाड होतील.

आणि एक, बाहेर रांग असेल तर जेवून झाल्यावर मोबाइल काढून गप्पा मारत बसू नका. इथे कोणी तुम्हाला उठवणार नाही, ती त्यांची रीत नाही, म्हणूनच आपण स्वतः उठायचं.

बिलाबद्दल थोडं. हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळते, फळ्यावर जो रेट तोच, वर काही नाही. हे सांगायचं कारण, किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी मला बिलात सर्व्हिस चार्ज लावून दिला होता, न विचारता. जुलै २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना आहेत की हा चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या उचलून धरल्या, तेव्हा शांतपणे काढून टाका म्हणून सांगायचं. तसंच ज्या छोट्या हॉटेलच्या बिलावर ते कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या जीएसटी योजनेत, आहेत असं लिहिलेलं असतं त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, हेही बघत जा. घासाघीस करायची असेल तर ती अशा बिलांवर करा, काकींच्या दारात नाही.

काय आवडलं नाही तेही लिहिते. शाकाहारी थाळी आहे पण नावाला, काळ्या वाटाण्याची आमटी चांगली असते ती सोडली तर बाकी बटाट्याची भाजी आणि पापड, आणि तिचे १५० म्हणजे मला जास्तच वाटतात. सोमवारी आणि संकष्टीला आमच्यातले कितीतरी जण मासे खात नाहीत, त्या दिवशी तरी फणसाची भाजी, अळूचं फतफतं, घावणे-चटणी असं काहीतरी करा असं मी काकींना सुचवलंय. हात धुवायला एकच बेसिन आहे आणि ते अगदी जेवणाऱ्यांच्या पाठीशी, कोणी खाकरलं की घास तोंडात अडतो, तिथे निदान आडोसा तरी करायला हवा. मे महिन्यात पंखे पुरत नाहीत. पार्सलला गरम कालवण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, मी स्वतःचा डबा नेते, तुम्हीही न्या, डबा दिला तर कालवण जरा जास्तच घालतात. आणि मीठ कधीकधी तळलेल्या माशाला जास्त लागतं, विशेषतः गर्दीच्या दिवशी.

भावाबद्दल सरळ सांगायचं तर चार जणांचं कुटुंब दोन सुरमई, दोन बांगडा असं जेवलं, वर दोन जादा कढ्या, तर चौदाशेच्या आसपास जातात. स्वस्त नाही. मालवणातच याहून कमीत जेवता येतं. पण तिथे काय कमी केलेलं असतं ते तिथे बसून, कढीची वाटी कलती करून बघा आणि मग ठरवा.

जायचं असेल तर: दुपारी साडेबारा ते तीन, रात्री आठ ते दहा. रात्री मासा जास्त ताजा असतो असं माझं मत, संध्याकाळी बंदरावर आलेला माल थेट येतो. दहापेक्षा जास्त माणसं असाल तर आदल्या दिवशी जाऊन सांगा, वडे हवे असतील तर नक्कीच सांगा, पीठ भिजवावं लागतं. जीपे चालतं पण गल्लीत रेंज जाते म्हणून थोडी रोख ठेवा. गाडी बाजारपेठेत आणू नका, बाहेर लावून पाच मिनिटं चालत या. चतुर्थीच्या सणात पाच ते सात दिवस बंद असते, मुंबईची मुलं घरी आलेली असतात त्यांची.